दोन नेढ्यांची सुई

त्या सुईला दोन नेढी होती. कार्डावर चिकटपट्टी दाबताना माझा अंगठा तिथेच थांबला. मशीनच्या सुईला नेढं एकच असतं, टोकाच्या जरासं वर. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, गेल्या पाच महिन्यांत मोडक्या सुया कार्डांवर चिकटवता चिकटवता कळलं होतं. वरचा तुकडा दांड्यासकट ठीक होता. त्याचं नेढं शाबूत होतं आणि नेढ्याच्या लगेच खाली सुई मोडली होती. म्हणजे तिथून पुढे हवं होतं ते नुसतं टोक, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. पण मला आणून दिलेला जो तुकडा मी त्याच्या खाली चिकटवत होते, त्याला स्वतःचं आणखी एक नेढं होतं. दोन भोकं एकाखाली एक, बासरीला असावीत तशी. मी वर पाहिलं. वन्सं मशीनच्या फळीवर तळहात टेकून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होत्या. हल्ली त्या अशाच बघायच्या. "झालं का गं?" त्या म्हणाल्या. शेजारच्या मशीनवरची बाई, जिला सगळा हॉल रेडिओ म्हणतो, पायडल न थांबवता म्हणाली, "कॉलेज, ताप आलाय का सुईला? किती वेळ नाडी धरून बसलीयस." चारजणी हसल्या. मीही हसले. आणि हसता हसताच कार्डावर तारीख घातली, मशीनचा नंबर घातला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: पूर्ण. खिशातून नवी सुई काढून मशीनला बसवली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून दोराही ओवून दिला. वन्संनी पाय मारला. मशीन सुरू झालं.

हा हॉल लढाईच्या आधी छत्र्यांचा कारखाना होता. आढ्याला अजून ओळीनं आकडे आहेत, त्यांना तयार छत्र्या टांगत. आता खाली चाळीस मशिनं आहेत आणि चाळीस बायका जखमेवर बांधायच्या पट्ट्या शिवतात. जाळीदार कापडाचे दोन पदर, मध्ये कापसाची गादी, चारी बाजूंनी टीप, मधून एक आडवी टीप, दोन बाजूंना बांधायला लांब नाड्या. पन्नास पट्ट्यांचा एक गठ्ठा. साडेपाचला गाडी येते, गठ्ठे वाफेच्या खोलीत जातात, तिथून खोक्यांत, तिथून कुठे ते आम्हाला सांगत नाहीत. सुई मोडली की हात वर करायचा, हा इथला पहिला नियम. हात वर झाला की मी लोहचुंबक घेऊन जाते, तुकडे गोळा करते, कार्डावर अख्खी सुई जुळवते. जुळली तरच नवी सुई. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या बाईचा हातातला गठ्ठा आणि त्याच्या आधीचा, दोन्ही उसवायचे. उसवलेली पट्टी पुन्हा शिवता येत नाही, जाळी फाटते. म्हणून तुकडा मागून सापडो न सापडो, गठ्ठे उसवावे लागले की बाईच्या नावापुढे एक फुली. तीन फुल्या झाल्या की नाव कमी. वन्संच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. आणि आम्ही राहतो ती खोली कारखान्याची, वन्संच्या नावावर दिलेली.

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. टेबल खिडकीखाली आहे, पण खिडकीला काळा कागद चिकटवलेला असल्यानं भर दुपारी डोक्यावर बल्ब लागतो. बल्बच्या उजेडात माझे हात परक्या बाईचे वाटत होते. लिहून झाल्यावरच मी विचार करायला लागले, हे मला आत्ता कबूल करायला हवं. आधी हात लिहितो, मग डोकं जागं होतं. परीक्षेतही माझं असंच व्हायचं. पेपर देऊन बाहेर आले की जिन्यात उत्तर आठवायचं. पण परीक्षेत चुकलं तर मी एकटी नापास होणार होते. आता ते खरं टोक, वन्संच्या सुईचं, कुठेतरी होतं. फरशीवर असेल. त्यांच्या कपड्यांत असेल. नाहीतर कापसात असेल, दोन जाळ्यांच्या मध्ये, वर पांढरी टीप, वाफेनं शुद्ध झालेलं, खोक्यात बंद. कुणीतरी ती पट्टी उघडेल, घाईनं, आणि जिथे मांस उघडं पडलंय तिथे ठेवेल, आणि रक्त थांबावं म्हणून जोर लावून दाबेल. दाबेल, हा शब्द मनात आला आणि माझ्या पोटात, टाके घातलेत तिथे, काहीतरी टोचलं. मुलगी झाली तेव्हाचे टाके. ते भरून आले त्याला सहा महिने झाले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि या सोळा वर्षांच्या. लोकांचे कपडे शिवून त्यांनी त्याला वाढवलं, स्वतःचा संसार केला नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "एवढी शिकलेली आणलीस खरी, पण हिला ठेवायची कुठे? कपाटात?" तो हसला. मला वाटलं होतं मी रडेन, पण मीही हसले. तेव्हापासून आमचं असंच चाललंय. कॉलेज हे नावही त्यांनीच पाडलं, हॉलमध्ये ते नंतर पोहोचलं. इथली ही तपासणीची जागाही त्यांनीच मिळवून दिली. "लिहायचं काम आहे," त्या म्हणाल्या, "तुला दुसरं येतं काय?" नवरा लढाईवर जाण्याआधी छापखान्यात जुळारी होता. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळीत लावायची, दिवसाला हजारो. तो म्हणायचा, चुकीचं अक्षर आधी बोटाला कळतं, डोळ्याला मागून. रविवारी माझे डोळे एका हातानं झाकायचा, दुसऱ्या हातानं माझ्या तळव्यावर अक्षर ठेवायचा आणि विचारायचा, सांग कुठलं. मला कधीच नीट सांगता आलं नाही. मी घाई करायची. "तू वाचायला बघतेस," तो म्हणायचा, "वाचू नकोस, नुसतं चाचप." गेल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की प्रत्येकाच्या खिशात अशी एक पट्टी असते, आणि तो ती झोपताना कानाखाली घेतो, तुम्हा दोघींपैकी कुणीतरी शिवली असेल असं समजून. पुढच्या तीन ओळी काळ्या केलेल्या होत्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रात अशा ओळी असतात. वन्सं मला पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. "तूच वाच, तुझ्या तोंडून बरं वाटतं." मी काळ्या ओळींशी थांबले की विचारतात, "आणि पुढं?" मी म्हणते, पुढं काही नाही. त्यांना काळं आणि पांढरं वेगळं दिसत नसावं, हे माझ्या लक्षात यायला मला दोन महिने लागले. आणि लक्षात आल्यावर मी काय केलं? घरी दोरा ओवून द्यायला लागले. त्या म्हणाल्या, "सून कामाला आली म्हणायची." एवढंच. तो विषय आम्ही तिथेच घडी घालून ठेवला.

चारला भोंगा होतो. तो माझ्यासारख्यांसाठी, अंगावर पिणारी मुलं असलेल्या आठ बायकांसाठी, पंधरा मिनिटं. पाळणाघर खाली आहे, पूर्वी तिथे छत्र्यांच्या मुठी ठेवत. अजूनही ओल्या लाकडाचा वास येतो, त्यात दुधाचा आणि लंगोटांचा. आयेनं मुलीला माझ्या हातात देताना सांगितलं, "आज फार शहाण्यासारखी होती हो." हे वाक्य ती सगळ्यांना सांगते, तरी मी विचारलं, "म्हणजे? सुस्त होती का?" आया दुसऱ्या मुलाकडे वळली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मुलगी लुचायला लागली आणि तिचा एक हात माझ्या बाहीवर चालू लागला, नेहमीसारखा, वर खाली, शिवणीवरून. आणि मी तो हात झटकन धरला. बाहीत असलं तर? मी मशीनखाली वाकले होते, चुंबक फिरवला होता, गुडघे टेकले होते. दूध पाजता पाजता मी एका हातानं स्वतःला चाचपत राहिले, बाही, खांदा, कंबरेची पट्टी, मग तिचं झबलं, मग तिच्या मानेच्या वळ्या. तिनं लुचायचं थांबवलं आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. तिचे डोळे त्याच्यासारखे आहेत. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. रेडिओची सून तिथेच बसली होती, ती म्हणाली, "ढेकूण आहेत का गं?" मी म्हटलं, नाही, असंच.

माझ्याकडे एक वही आहे. मुलीची. किती वेळा प्यायली, किती वेळा शी, खोकला कोरडा की ओला, रात्री श्वास मोजले तर मिनिटाला किती. वन्सं म्हणतात, "पोरीची हजेरी घेतेस की तिची आई आहेस?" त्यांना कळत नाही, किंवा कळत असेल, की लिहून ठेवलेलं मला खरं वाटतं आणि न लिहिलेलं निसटून जाईलसं वाटतं. तो लढाईवर गेला ती तारीखही त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे. वही माझ्या पिशवीत असते. त्या दिवशी तिला ढेकर काढायला खांद्यावर घेऊन मी वही उघडली, आज दुपारचं लिहायला, आणि पानं मागे गेली. सव्वा महिन्यापूर्वीचा रविवार. तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: आज पहिल्यांदा मोठ्यानं हसली. सहा वेळा. खाली दुहेरी रेघ.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं, कारण मला तेव्हा आनंद झाला होता आणि आनंदाचे दिवस हल्ली मोजके. बाहेर सूचना देणारी गाडी ओरडत फिरत होती, खाटेवर मुलगी उताणी, मी बटाटे सोलत होते. वन्सं आमच्याकडे पाठ करून त्यांच्या घरच्या जुन्या मशीनशी बसल्या होत्या. मशीनचं ड्रॉवर उघडं होतं आणि त्यांच्या हातात पक्कड होती. टक् असा आवाज झाला. मुलगी दचकली आणि मग हसली, अगदी खळखळून, पोटातून. मी म्हटलं, "वन्सं, ऐकलंत का?" त्या म्हणाल्या, "काय?" पुन्हा टक्. पुन्हा हसली. असं सहा वेळा. मी सुरी टाकून तिच्याजवळ धावले. "काय तोडताय?" मी विचारलं होतं, विचारायचं म्हणून. "जुन्या सुया," त्या म्हणाल्या, "गंजल्यात. पोरीच्या पायात जायला नकोत." मला त्यांचं किती कौतुक वाटलं होतं. मी वहीत तेही लिहायला हवं होतं, पण हसण्यापुढे सुचलं नाही.

सहा सुया. सहा टोकं, प्रत्येकाला नेढं, कारण पक्कड नेढ्याच्या वरच लागते. मी मुलीला पाळण्यात ठेवलं तेव्हा तिनं माझं बोट सोडलं नाही; मला ते एकेक बोट उघडून सोडवावं लागलं.

जिन्याच्या वळणावर नळ आहे. वन्सं तिथे तोंडावर पाणी मारत होत्या. तासातून एकदा त्या तोंडावर पाणी मारतात, म्हणतात झोप येते. मी शेजारी उभी राहिले.

"तोडलेली टोकं किती होती?" मी विचारलं.

"कसली टोकं?"

"वन्सं, त्या सुईला दोन नेढी आहेत."

त्यांनी नळ बंद केला. पाणी हनुवटीवरून गळत होतं ते पुसलं नाही. "दोन?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला भीती अपेक्षित होती ती नव्हती, चूक कशी झाली याचं नवल होतं, उलट्या बाजूनं बाही लावली गेली तर वाटावं तसं. "माझ्या हाताला एकच लागलं. दांड्याचं बघायचं राहिलंच." मग म्हणाल्या, "तरी तू पूर्ण लिहिलंस."

"किती उरलीत?"

त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत कापसावर दोन टोकं होती.

"सहा होती," मी म्हटलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"पोरीनं."

त्यांना कळलं नाही, किंवा कळलं. त्या पायरीवर बसल्या. मी मनातल्या मनात वजाबाकी करत होते, इतकी साधी की पुन्हा पुन्हा करत होते. सहातून दोन गेले, चार. चारातलं एक आजचं. राहिली तीन. तीन कार्डं, वरच्या कपाटात, माझ्या अक्षरात पूर्ण लिहिलेली. त्या तीन सुया नेढ्याच्या वर मोडल्या असणार, म्हणून खोटं टोक बेमालूम बसलं आणि मला दिसलं नाही. मला, जी पोरीचे श्वास मोजते.

"आणि त्या तीन सुयांची खरी टोकं?" मी विचारलं.

"शोधली. खाली बसून शोधली. मला दिसतं का आता? तुला ठाऊक नाही होय?" त्या हळू बोलत होत्या, कारण वर खाली बायका जात येत होत्या. "फरशीत एवढाल्या फटी आहेत. केरात गेली असतील. पट्टीतच गेली असतील कशावरून?"

"आणि गेली असली तर?"

"तर गेली."

"तुमचा भाऊ ती पट्टी कानाखाली घेऊन झोपतो, वन्सं."

"मला नको सांगूस माझा भाऊ कसा झोपतो," त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर झोपायचा तो. तू तेव्हा पाळण्यात होतीस." मग आवाज आणखी खाली गेला. "तो परत आला तर कुठं यायचा? कुठल्या दारात? पोर घेऊन रस्त्यावर उभी राहणार आहेस त्याला भेटायला? मी हे खोलीसाठी केलं. त्याच्यासाठीच केलं म्हण."

खरं म्हणजे त्यांचं बोलणं मला पटत होतं, आणि पटत होतं याचीच मला भीती वाटत होती. खोलीत एक खिडकी आहे, तिच्याखाली खाट, तिथे मुलगी सकाळी आपल्या पायांशी खेळते. तेवढं उरलं तर पुरे, असं मी कितीदा मनात म्हटलंय. कुणाशी म्हणते कुणास ठाऊक. तेवढं ठेव, बाकी काही मागत नाही. आणि आता ते उरायचं तर मला काहीच करायला नको होतं. साडेपाचला गाडी येणार होती, ती आपली आपण येणार होती.

"हात वर करणार आहेस?" वन्संनी विचारलं.

"माहीत नाही."

"करायचा तर गाडीच्या आधी कर," त्या उठत म्हणाल्या. "मागून रडून उपयोग नाही. मला उठव जरा, पायरी दिसत नाही." मी त्यांना हात दिला. त्यांचा तळवा गार आणि ओला होता.

पुढचा पाऊण तास मी टेबलाशी बसले होते. दोन हात वर झाले, मी गेले, सुया जुळवल्या, दोन्ही खऱ्या. तपासताना नख सांध्यावरून फिरवत होते, पाच महिन्यांत कधी फिरवलं नव्हतं. रेडिओ विचारत होती की लढाई संपल्यावर एवढ्या पट्ट्यांचं काय करणार, आणि कुणीतरी म्हणालं, नवऱ्यांच्या तोंडाला बांधू. हसू ओळीतून पुढे सरकत गेलं. वन्सं हसल्या नाहीत, त्या शिवत होत्या, ताठ बसून, दोन्ही हातांची बोटं कापडावर पसरून, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्या टीप बघून घालतच नाहीत. बोटांनी घालतात. म्हणून कापड ओढलं जातं, म्हणून सुई मोडते. बघायचं सोडून नुसतं चाचपत होत्या, भाऊ सांगायचा तसं. त्यांच्या उजव्या बाजूला बांधलेले दोन गठ्ठे होते. शंभर पट्ट्या. खाली कुणाचं तरी मूल रडत होतं आणि ते माझं आहे की नाही हे मला ओळखता येईना. एरवी मी शंभर मुलांत ओळखते. मी कान देऊन ऐकत राहिले, आणि मला वाटलं की हे असंच होणार आता, कुठेही कुणीही रडलं की ते माझं आहे की नाही ते मला कळणार नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कार्ड काढलं, चिकटपट्टी सोलली, दुसऱ्या नेढ्याचं टोक काड्यापेटीत टाकलं. पूर्ण हा शब्द खोडला. आणि हात वर केला.

तपासणारीनं हात वर करायचा असा नियम नाही, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बल्बच्या खाली माझा हात नुसता उभा होता. मग रेडिओनं पायडल थांबवलं, मग तिच्या शेजारचीनं. मशिनं ओळीनं बंद होत गेली. वन्संचं सगळ्यात शेवटी.

हॉलवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई आल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्या असतात, पण त्या कधी आवाज चढवत नाहीत. मी कार्ड दाखवलं. "एक तुकडा नाही," मी म्हटलं. "घाईत पूर्ण लिहिलं. आत्ता नीट पाहिलं." त्यांनी मशीनचा नंबर वाचला, मग वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आमचं नातं सगळ्यांना माहीत आहे. "दोन गठ्ठे," त्या म्हणाल्या.

चारजणींना बसवलं. वन्सं कुणी न सांगता उठून आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मी उसवणी हातात घेतली, टाके तोडायचं ते छोटं हत्यार, एक त्यांच्या हातात दिली. जाळी फाटताना बारीक आवाज येतो, कागदासारखा नाही, कोरड्या पानासारखा. कापूस निघायचा, आम्ही तो चिमटीत पिंजायचो, बाजूला टाकायचो. थोड्या वेळात आमच्या मांड्यांवर, केसांवर कापूस झाला. रेडिओ एकदाच म्हणाली, "स्वतःच्या नणंदेला गं," माझ्याकडे न बघता. वन्सं म्हणाल्या, "तू आपलं उसव." त्यांनी उसवणी खाली ठेवली होती. डोळे मिटून त्या पट्टी न उसवताच दोन्ही तळव्यांमध्ये धरायच्या, दाबायच्या, फिरवायच्या, बाजूला ठेवायच्या. आमच्यापेक्षा चौपट वेगानं. मी त्यांना थांबवलं नाही. दुसरा गठ्ठा अर्धा झाला असेल, त्यांचा हात थांबला. त्यांनी पट्टी माझ्यापुढे केली, तिच्या मधोमध पांढऱ्यावर एक लाल ठिपका होता आणि तो हळूहळू मोठा होत होता. मी जाळी फाडली. ते टोक इतकं लहान होतं की मला आधी फक्त त्याची चमक दिसली. कार्डावर ठेवलं. जुळलं. वन्सं बोट तोंडात घालून बसल्या होत्या, लहान मुलासारख्या.

मोठ्या बाईंनी फुली मारली. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अशी नजर हवी." मग वन्सं ऐकतील एवढ्या अंतरावर म्हणाल्या, "खोलीचं मी बोलते. तू कामावर आहेस, तुझ्या नावावर करून देता येईल." मी विचारलं, "बाई, आधी गेलेली खोकी परत मागवता येतात का? समजा, काही राहिलं असेल तर?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "गेलेलं खोकं परत येतं का कधी," त्या म्हणाल्या. "काही राहिलंय का?" त्यांच्या हातात अजून लाल पेन्सिल होती. मी म्हटलं, "नाही, असंच विचारलं." आणि गाडी आली.

घरी येताना मुलगी वन्संच्या कडेवर होती. त्या भिंतीच्या कडेनं चालत होत्या, एक हात भिंतीला लावून, आणि आता मला कळलंय हे त्यांना माहीत असल्यामुळे लपवतही नव्हत्या. खोलीचं कुलूप मी उघडलं. आत येऊन त्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मग, मालकीणबाई? ठेवणार का मला, का सामान काढू?" मला हसायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "पोरीला सांभाळीन म्हणते. आंधळीला पाळण्याची दोरी कळते." मी म्हटलं, "वन्सं, असं बोलू नका." त्या म्हणाल्या, "मग कसं बोलू? लिहून दे, तसं बोलते." मी कडी लावली. टक् आवाज झाला आणि मुलगी हसली, खळखळून, पोटातून. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. वही पिशवीतच राहिली.

काळा पडदा ओढायला अजून थोडा उजेड बाकी होता. मी खिडकीशी बसून त्याला पत्र लिहिलं. मुलीला दात येताहेत, वन्संची तब्येत बरी आहे, त्यांनी आता काम सोडलंय. मग लिहिलं: तुझ्या खिशातली पट्टी कानाखाली घेऊ नकोस. कधी उघडावी लागलीच, तर जखमेवर ठेवायच्या आधी दोन्ही हातांत धर आणि तू अक्षरं चाचपायचास तशी चाचप. घाई करू नकोस, घाई मी करते. तुझ्या शेजारच्यालाही सांग, त्याला म्हणावं पुढच्याला सांग. वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खाली माझं नाव घाल. तिनं सांगितलंय म्हणून लिही. माझं ऐकतो तो." मी घातलं.

पाकीट उघडंच ठेवायचं असतं, ते आधी कुणीतरी वाचतं. ती माणसं कोण असतात मला माहीत नाही. आजवर मला ती मिशावाली वाटायची, बूट घातलेली. आता वाटतं, तिथेही एखादी बाई असेल, खिडकीखाली टेबल, डोक्यावर बल्ब, शिकलेली म्हणून बसवलेली, खाली कुठेतरी तिचं मूल. तिच्या हातात हे पत्र येईल. एका पट्टीबद्दल एवढं कोण लिहितं, असं तिला वाटेल, आणि तिचा अंगठा त्या ओळींवर थांबेल. तिच्याजवळ काळी शाई असेल. तिनं नीट वाचावं, पुन्हा एकदा वाचावं, आणि मग दुपारी मी जे लिहायला नको होतं तेच तिनं लिहावं, पूर्ण, आणि पत्र पुढे जाऊ द्यावं.